जखम भरेपर्यंत

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. मास्तर म्हणजे टेलर मास्तर. आयुष्यभर त्यांनी लोकांच्या अंगावर कापड बसवलं, आणि त्यांचं ठाम मत असं की देवाने घडवलेला एकही माणूस सरळ नाही. कोणाचा एक खांदा उतरलेला, कोणाच्या पाठीला पोक, कोणाचं पोट पुढे, तर कोणाला छातीच नाही. शिंप्याचं काम काय, तर यातलं काहीही जगाला दिसू द्यायचं नाही. उतरत्या खांद्याखाली भरती जास्त घालायची, पोटावरचं बटण जरा वर घ्यायचं आणि गिऱ्हाइकाला आरशासमोर उभं करून आपण गप्प बसायचं. गिऱ्हाईक आपोआप ताठ होतं. "तुमचा खांदा वाकडा आहे हो," असं मास्तर कधी कोणाला म्हणाले नाहीत. झाकली मूठ सव्वा लाखाची, हा त्यांचा धंदा होता, आणि इतकी वर्षं तोच करून करून तो स्वभावही झाला.

दुकान बंद केल्यावर पायाने चालवायचं मशीन तेवढं त्यांनी घरी आणलं आणि पुढच्या खोलीत खिडकीशी लावलं. शेजारपाजारच्यांचे पडदे, कोणाच्या पँटची खालची पट्टी, असलं किडूकमिडूक चालायचं. एक दिवस न्हाणीघरात पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, हाड जुळलं. पण हॉस्पिटलात उताणं पडून पडून डाव्या टाचेला जखम झाली. मास्तरांना साखर होतीच, आणि साखरेच्या माणसाची जखम म्हणजे न बोलावलेला पाहुणा, येतो पण जायचं नाव घेत नाही.

घरात दोघंच. मास्तर आणि काकू. काकू म्हणजे त्यांची बायको. सगळी गल्ली तिला काकूच म्हणायची. लेक दुसऱ्या शहरात नोकरीला होती. मास्तरांचा आरोग्य विमा तिनेच काढून ठेवला होता आणि त्यात घरी उपचार घ्यायचीही सोय होती. हॉस्पिटलमधून सोडलं तेव्हा तिने फोनवर सांगितलं, "बाबा, काही काळजी करू नका. आता सगळं घरबसल्या मिळणार आहे."

मास्तरांनी सगळं म्हणजे सगळं असं धरलं. मिळाली ती नर्स. एक दिवसाआड ती यायची, टाचेचं ड्रेसिंग करायची, साखर तपासायची, आणि जाताना "पाय उशीवर ठेवा, टाच कशालाही टेकवू नका" असं बजावून जायची. तिला ते दोघं सिस्टर म्हणत. सिस्टर चांगली होती, हात हलका होता. पण ती गेली की उरलेला अख्खा दिवस काकूंचा. मास्तरांना पलंगावरून उठवायचं, संडासला न्यायचं, अंघोळ घालायची, लेंगा चढवायचा, पुन्हा निजवायचं. मास्तर हाडापेराने दणकट, आणि काकू म्हणजे दोरीवर वाळत घातलेला टॉवेल. तरी त्यांनी कधी हूं की चूं केलं नाही.

सिस्टरनेच एकदा विषय काढला. "मास्तर, अंघोळीला, उचलायला मदतनीस मिळते तुमच्या पॉलिसीत. मागितली का नाही?"

"मिळते?" काकू दारातून म्हणाल्या. त्यांनी एवढ्या चटकन विचारलं की मास्तरांनी वळून पाहिलं.

"मिळते, पण नुसती नाही मिळत. नर्सचं काम चालू आहे तोवर तिच्या जोडीने मिळते. स्वयंपाक, झाडलोट, नुसती सोबत, हे त्यात येत नाही. आणि माणसाला स्वतःचं स्वतः उरकता येत नाही, घराबाहेर पडणं जड जातं, हे कंपनीला पटावं लागतं. त्यांचा माणूस येऊन बघून जातो."

लेकीने अर्ज केला. अर्ज केला आणि वर हेही सांगून टाकलं की, नाहीच मंजूर झालं तर तिने एक जागा बघून ठेवली आहे. तिच्या घराजवळच, म्हाताऱ्या माणसांची व्यवस्था ठेवणारी. बाबा तिथे राहतील, आई तिच्याकडे. "दोघांना ठेवण्याइतकी जागा माझ्याकडे नाही, तुम्हाला माहीत आहे. पण आईला असं रोज झिजताना मी बघू शकत नाही."

"तू बघतेस कुठे? तू फोनवर असतेस," मास्तर म्हणाले. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांचा त्यांना भारी राग. पण फोन ठेवल्यावर त्यांचं जेवणात लक्ष नव्हतं. ती जागा त्यांना नको होती. बायको नाही अशी कुठलीच जागा त्यांना नको होती. हे तोंडाने म्हणायची मात्र त्यांची पद्धत नव्हती, म्हणून ते भाजीत मीठ कमी आहे असं म्हणाले.

मग विमा कंपनीचा माणूस येण्याचा दिवस उगवला, आणि मास्तरांनी जे काही केलं ते एखादा शिंपीच करू जाणे.

सकाळीच त्यांनी दाढी करून घेतली. इस्त्रीची पँट मागितली, तीही लांब पायाची, म्हणजे पट्टी झाकली जाईल. वर कोट. काकू म्हणाल्या, "अहो, घरात कोट कशाला?" तर म्हणे, "परका माणूस यायचाय. लेंग्यात बसू?" पलंगावर बसायलाही तयार नाहीत. कापड बेतायच्या टेबलाशी असायचं ते उंच स्टूल मागवलं, कारण उंच स्टुलावरून उठायला कष्ट पडत नाहीत. स्टुलापासून दारापर्यंत हाताला लागेल असं एकेक सामान लावून घेतलं. इथे टेबल, तिथे मशीन, पुढे खुर्चीची पाठ. वॉकर गेला पलंगाखाली. गिऱ्हाइकाच्या अंगातला दोष झाकावा तसा त्यांनी अख्ख्या खोलीतला दोष झाकून टाकला.

माणूस आला. तरुण, सभ्य, हळू बोलणारा. मास्तर स्टुलावरून उठले, टेबलाला हात लावत पुढे झाले आणि त्यांनी त्याला बसायला खुर्ची दिली. तो बिचारा विचारत होता, जेवता येतं का, कपडे घालता येतात का, चालता येतं का. मास्तर म्हणत होते, "हो, हो. चाललंय. देवाची कृपा." काकू आतल्या दारात उभ्या राहून पदराचं टोक पिळत होत्या. मध्ये बोलावं तर नवऱ्याचा अपमान, न बोलावं तर आपलं मरण.

एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण मास्तरांची नजर त्या माणसाच्या कोटावर पडली. बाही लांब झालेली, मनगटाच्या खाली लोंबत होती.

"कोणी शिवला हा?" मास्तरांनी विचारलं.

"तयार घेतलाय."

"तरीच! काढा बघू. दोन मिनिटांचं काम आहे."

"अहो नको, राहू द्या."

"काढा हो. माझ्या घरातून असं वेडंवाकडं कापड बाहेर गेलं तर मला झोप येणार नाही."

आणि मास्तर मशीनवर बसले. दोन्ही बाह्या उसवल्या, मोजून दुमडल्या आणि मशीन चालवलं. दोन्ही पायांनी. मशीन असं सुरेख खडखडत होतं की काकूंच्या अंगावर काटा आला. टाच खाली, टाच वर, टाच खाली, टाच वर. मास्तरांच्या चेहऱ्यावर मात्र रेष उमटली नाही. कित्येक महिन्यांत एवढे खूश ते दिसले नव्हते. माणूस कोट घालून आरशासमोर उभा राहिला आणि खरंच, रुबाबदार दिसायला लागला. मास्तरांचे तीनतीनदा आभार मानून गेला.

दार लागल्यावर मास्तर मशीनवरून उठूच शकले नाहीत. काकूंनी पँट वर केली तर पट्टी लाल झालेली. दुसऱ्या दिवशी सिस्टरने जखम बघितली आणि कपाळाला हात लावला. एवढ्या दिवसांची मेहनत पाण्यात. "काय केलंत काय हे मास्तर?" मास्तर खिडकीबाहेर बघत होते. "शिवण घातली," काकू म्हणाल्या. "विम्याच्या माणसाला."

काही दिवसांनी उत्तर आलं. रुग्ण स्वतः उठतो, फिरतो, पाहुण्यांची सरबराई करतो आणि शिलाई मशीन चालवतो, सबब मदतनीस मंजूर करता येत नाही. आणि नर्सच्या फेऱ्यांचाही फेरविचार करण्यात येईल. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

लेकीने फोनवर बाबांना असं काही फैलावर घेतलं की शेजारच्या खोलीत भांडी घासणाऱ्या काकूंना एकूण एक शब्द ऐकू आला. शेवटी ती म्हणाली, "मी पुन्हा तपासणी मागितली आहे. या वेळी एक बाई येतील. बाबा, प्लीज, या वेळी पडून राहा. कण्हा जरा. काही आठवत नाही असं म्हणा. हेही नाकारलं तर मी त्या जागेचे पैसे भरून टाकणार, मग माझ्यावर चिडायचं नाही."

"नाटक मला जमणार नाही," मास्तरांनी फोन ठेवून जाहीर केलं. "उभ्या जन्मात मी कोणाला फसवलं नाही. गिऱ्हाइकाच्या कापडातली चिंधी चोरली नाही, मापात पाप केलं नाही. आता या वयात खोटं कण्हू?"

काकू हात पुसत बाहेर आल्या. सहसा त्या वाद घालत नसत. लग्न झाल्यापासून बोलायचं काम मास्तरांचं आणि पार पाडायचं काम त्यांचं, अशी वाटणीच होती.

"आणि कोट चढवून बसलात ते खरं होतं होय?" त्या म्हणाल्या. "वॉकर पलंगाखाली दडवलात ते?"

मास्तरांची नजर पलंगाखाली गेली.

"कण्हू नका तुम्ही. नाटक नकोच. पण झाकूही नका. रोज जसं असतं तसं असू द्या की. एवढं तरी कराल का माझ्यासाठी?"

माझ्यासाठी, असं काकू कधी म्हणत नसत. मास्तरांना ते ऐकून कसंसंच झालं आणि त्यांनी मान डोलावली.

बाई सकाळच्या वेळात कधीतरी येणार, एवढंच कळवलं होतं. आल्या त्या ऐन अंघोळीच्या वेळेला. मास्तर न्हाणीघरात प्लॅस्टिकच्या स्टुलावर, कमरेला पंचा, अंगाला साबण, डावा पाय पिशवीत बांधून पुढे केलेला. बेल वाजली तशी त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. "अगं, थांबायला सांग. शर्ट आण माझा. अगं!" पण काकू ओल्या हातांनीच दार उघडायला गेल्या होत्या, आणि परत आल्या त्या बाईंना घेऊनच.

बाई वयाने पन्नाशीच्या असाव्यात. त्या न्हाणीघराच्या दाराशी थांबल्या, भिंतीकडे बघत म्हणाल्या, "काका, तुमची हरकत असेल तर मी बाहेर बसते. पण चालणार असेल तर बघितलेलं बरं. कागदावर कळत नाही."

मास्तरांचे कान लाल झाले. ज्या जगाने त्यांना बिनकॉलरच्या सदऱ्यातही कधी पाहिलं नव्हतं, त्या जगातली एक परकी बाई त्यांना उघड्या अंगाने बघणार. जीव गेला असता तरी परवडलं असतं. ते काकूंकडे बघायला लागले. काकूंनी पाण्याचा तांब्या उचलला.

"बघा," मास्तर म्हणाले.

काकूंनी अंगावर पाणी घातलं, पुसलं. मग रोजच्यासारखं स्टुलासमोर उभं राहून दोन्ही हात मास्तरांच्या काखेत घातले, पाय भिंतीशी रोवले, आणि "हं, चला," म्हणून वर ओढलं. पहिल्यांदा जमलं नाही. दुसऱ्यांदा मास्तर उभे झाले. तशीच मिठी मारून, एकेक पाऊल सरकत, दोघं पलंगापर्यंत आली. मास्तर बसले. काकूंनी भिंतीला टेकून श्वास घेतला आणि लगेच पदराने घाम टिपून हसल्या.

बाई मास्तरांकडे बघतच नव्हत्या. "काकू, दिवसातून असं किती वेळा करावं लागतं?"

"असं काही मोजलं नाही बाई."

"पाठ, हात दुखतात?"

"छे हो! सवय झालीय. आपल्याच माणसाचं करायचं, त्यात काय दुखायचंय? मी अगदी ठणठणीत आहे."

मास्तरांनी मान वर केली. हा आवाज, हे शब्द, हे हसू. अरे, हे तर आपलंच 'चाललंय, देवाची कृपा'! त्यांनी बायकोकडे पाहिलं. म्हणजे गिऱ्हाइकाकडे पाहतात तसं पाहिलं, गळ्यापासून खाली. आणि त्यांना धक्काच बसला. उजवा खांदा साफ उतरला होता. चांगला दोन बोटं. मान त्या बाजूला कलली होती, आणि उजवा हात ती पोटाशी धरून उभी होती, पंख मोडलेली कोंबडी धरते तसा. आयुष्यभर त्यांनी येणाऱ्याजाणाऱ्याचे खांदे पाहिले, रस्त्याने जाणाऱ्या अनोळखी माणसाचासुद्धा खांदा त्यांच्या नजरेतून सुटत नसे. आणि हा कधी उतरला ते त्यांना माहीत नव्हतं.

"खोटं बोलतेय ती," मास्तर म्हणाले.

"अहो!"

"तू गप्प. बाई, लिहा तुम्ही. हिचा उजवा खांदा दोन बोटं खाली आलाय. तो आधी असा नव्हता. हिच्या लग्नातल्या पोलक्याचं माप मी घेतलंय, मला ठाऊक आहे. हा हात वर जात नाही हिचा, बघा. अगं, कर ना वर. कर."

काकूंनी हात वर करायला घेतला. छातीपर्यंत आला आणि थांबला. त्यांनी पुन्हा हसायचा प्रयत्न केला, तो काही जमला नाही.

"नाही होत आता," काकू म्हणाल्या. "खरंच नाही होत हो माझ्याच्यानं. रोज वाटतं, आज हातातून सुटणार हे. सुटले आणि पुन्हा काही मोडलं तर मी कोणाला तोंड दाखवू?" आणि त्या पलंगाच्या कडेला बसून, परक्या बाईसमोर, लहान पोरीसारख्या रडायला लागल्या. मास्तरांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. कोणासमोर असं करण्याची त्यांची ही पहिलीच वेळ.

बाईंनी काही लगेच शब्द दिला नाही. तसा त्यांना देता येत नव्हता. जाताना एवढं म्हणाल्या, "मागच्या वेळी असं का दाखवलं नाही काका?"

"मागच्या वेळी पाहुणे आले होते," मास्तर म्हणाले.

मंजुरी आली. मदतनीस, आठवड्यातून काही सकाळी, अंघोळीला आणि उठवण्याबसवण्याला. तीही नर्सच्या फेऱ्या चालू असेपर्यंत. लेकीने आनंदाने फोन केला आणि त्या जागेचं नाव काढलं नाही.

मदतनीस म्हणून आली ती एक धिप्पाड मावशी. मास्तरांना ती कापडाचा तागा उचलावा तशी उचलायची, वर विचारायची, "कुठं ठेवू?" मास्तरांनी दोन दिवस तोंड फुगवलं, मग तिच्या झंपरची बाही नीट बसत नाही हे तिला सांगितलं आणि दोघांचं सूत जमलं. काकूंना मात्र सुरुवातीला त्या सकाळी काय करावं ते कळेना. न्हाणीघराच्या दाराबाहेर उभं राहून सूचना द्यायच्या, "पाणी बघितलंस का गं? त्यांना फार कढत चालत नाही." मग एक दिवस बसल्या. मग एक दिवस आतल्या खोलीत जरा आडव्या झाल्या, आणि झोपल्याच. भर सकाळी, ऊन अंगावर आलेलं असताना. मास्तरांनी मावशीला हळू बोलायला सांगितलं. तेव्हापासून मावशी आली की ते ठरलेलंच झालं. खांदा काही वर आला नाही, पण हात थोडा थोडा उचलला जायला लागला.

मास्तरही शहाणे झाले होते. टाच उशीवर. पथ्य कडक. मशीनवर चादर टाकून ठेवलेली.

एके सकाळी मावशी कामं आटपून गेली आणि सिस्टर आली. तिने पट्टी सोडली, वाकून पाहिलं आणि तिचा चेहरा खुलला. "वा मास्तर! कडा जुळत आल्या की. नवी कातडी धरली. आता फार दिवस नाही लागायचे."

"म्हणजे बंद होणार?"

"बंद होणार. मग तुमच्यामागची माझी कटकट संपली."

"आणि मावशी?"

सिस्टर कापूस उचलता उचलता थांबली. "मावशी माझ्याबरोबरच, मास्तर. मी सांगितलं होतं ना तेव्हा? नर्सचं काम संपलं की ते सगळंच संपतं."

"पण मला अजून उठता कुठे येतंय?"

"ते खरं आहे. पण नुसतं उठवायला पॉलिसी माणूस देत नाही."

आतल्या खोलीतून काकूंचं घोरणं ऐकू येत होतं. अगदी बारीक, एकसारखं. मास्तर ते ऐकत राहिले. मग पुढे वाकून, आतपर्यंत ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाले, "सिस्टर, ही जरा सावकाश भरली तर नाही का चालणार?"

सिस्टर हसली. मग तिने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि हसायची थांबली.

"जखम माझं ऐकत नाही हो, मास्तर," ती म्हणाली, आणि तिने नेहमीसारखी स्वच्छ, घट्ट पट्टी बांधली.

ती गेल्यावर घर शांत झालं. मास्तरांना लघवीला जायचं होतं. हाक मारायला त्यांनी तोंड उघडलंही होतं. ते मिटून घेतलं, आणि आतलं घोरणं थांबेपर्यंत ते पलंगाच्या कडेला तसेच बसून राहिले.